संगणक-शंका : वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झाले, तर यादृच्छिकता टिकते का?

प्रश्न : आमच्या केळीच्या बागेतील ठिबकचे व्हॉल्व्ह आणि विहिरीवरची मोटार यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी पंपघरात लिनक्सवर चालणारा एक लहान बोर्ड बसवला आहे. त्याला कीबोर्ड नाही, पडदा नाही. मोबाइल नेटवर्कवरून सुरक्षित जोडणी करून तो घरच्या संगणकाला माहिती पाठवतो आणि मोटार सुरू-बंद करण्याचा हुकूमही त्याच मार्गाने घेतो. शेतीपंपांच्या फीडरची वीज गेली की बोर्ड बंद पडतो आणि आली की आपोआप सुरू होतो. दर वेळी लॉगच्या (यंत्राने ठेवलेल्या नोंदींच्या) सुरुवातीला ‘यूरँडम तयार होण्याआधीच वाचले गेले’ अशा अर्थाची सूचना दिसते. पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करणारा पुतण्या म्हणतो, “काका, सीड जपून ठेवा.” जपायचे ते नेमके काय आणि कसे? (एक केळी उत्पादक, रावेर तालुका)

उत्तर : आपल्या पुतण्याचा सल्ला योग्य आहे, मात्र तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग आपल्याकडच्या विजेच्या तऱ्हेशी जोडलेला असल्यामुळे तो सविस्तर सांगतो.

सुरक्षित जोडणी करताना दोन्ही टोकांना अशा संख्या तयार कराव्या लागतात, ज्यांचा अंदाज तिसऱ्या कोणालाही बांधता येऊ नये. संगणक हे मुळात सांगितले तेच आणि तसेच करणारे यंत्र असल्याने असा अनिश्चितपणा, म्हणजेच यादृच्छिकता, त्याला बाहेरून गोळा करावा लागतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, ही सोय थिओडोर त्सो यांनी 1994 मध्ये केली. कळ नेमकी कोणत्या क्षणी दाबली गेली, डिस्कने उत्तर द्यायला किती वेळ घेतला, नेटवर्कवरून माहितीचे पुडके केव्हा आले, अशा बारीकसारीक वेळांतील अनिश्चितता कर्नल एका साठ्यात घुसळत राहते आणि त्या साठ्यातून संख्यांचा प्रवाह काढते. 2016 मध्ये आलेल्या 4.8 या आवृत्तीपासून हा प्रवाह काढण्याचे काम चाचा-20 या सायफरकडे, म्हणजे गुप्तलेखनाच्या पद्धतीकडे, आहे. एकदा 256 बिट इतकी खरी अनिश्चितता हाती आली की पुढे हव्या तितक्या संख्या निर्धास्तपणे काढता येतात. त्यामुळे जपायच्या आहेत त्या निघालेल्या संख्या नव्हेत. जपायचे आहे ते साठ्यातील अनिश्चिततेचे सार (यालाच सीड, म्हणजे बीज, म्हणतात), आणि ते रॅममध्ये असल्याने वीज गेली की क्षणात नाहीसे होते.

आता आपले पंपघर डोळ्यांपुढे आणा. थ्री फेज आली, ऑटोस्विचने मोटार उचलली, बोर्डालाही वीज मिळाली. कर्नल तेच, फायली त्याच, त्या उघडण्याचा क्रमही तोच. कीबोर्ड आणि माऊस नसल्याने माणसाच्या हाताची अनियमितता नाही. फिरणारी डिस्क नसल्याने तिचाही हातभार नाही. अशा पुष्कळ स्वस्त बोर्डांवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, म्हणून नेटवर्क मिळेपर्यंत तारीखदेखील प्रत्येक वेळी एकाच ठिकाणाहून सुरू होते. म्हणजे सुरुवातीच्या काही सेकंदांत आजचे बूट, म्हणजे यंत्राचे सुरू होणे, कालच्या बूटसारखेच दिसते आणि नेमक्या त्याच सेकंदांत आपला प्रोग्राम गुप्त किल्ली मागायला येतो. ‘यूरँडम’ हा कर्नलकडून संख्या घेण्याचा मार्ग अशा वेळी थांबत नाही, जे हाती असेल त्यातून संख्या देऊन मोकळा होतो, आणि लॉगमधली सूचना हीच गोष्ट सांगत असते. साठा पुरेसा भरेपर्यंत थांबवून ठेवणारी ‘गेटरँडम’ ही सोय 2014 मध्ये 3.17 या आवृत्तीत आली. मात्र तिच्यामुळे काही यंत्रे बूट होतानाच अडकून पडू लागली, तेव्हा 2019 मधील 5.4 या आवृत्तीत प्रोसेसरच्या स्वतःच्या वेळेतील सूक्ष्म चढउतारांतून अनिश्चितता गोळा करण्याची तरतूद लिनस टोरवाल्ड्स यांनी घातली. आपल्या बोर्डावर यापेक्षा जुने कर्नल असेल, तर जमल्यास आधी ते बदला. बाकीचे उपाय त्यानंतर.

कर्नल नवे असले तरी बीज जपण्याचे महत्त्व कमी होत नाही, कारण साध्या प्रोसेसरच्या वेळेत खरा चढउतार किती असतो याची खात्री देणे अवघड असते. बीज जपण्याची कल्पना विरजणाची आहे : आजच्या दह्यातले चमचाभर बाजूला काढून उद्याच्या दुधाला लावायचे. यंत्र चालू असताना साठ्यातून 32 किंवा 512 बाइट काढून एका फाइलीत ठेवायचे आणि पुढच्या बूटला तेच बाइट साठ्यात परत मिसळायचे. कालपर्यंत गोळा केलेली अनिश्चितता त्यामुळे आज पहिल्या सेकंदापासून हाताशी असते. बूटवेळी निरनिराळ्या सेवा सुरू करणारी सिस्टिमडी ही यंत्रणा वापरणाऱ्या लिनक्समध्ये ही फाइल ‘व्हार’ डिरेक्टरीतील ‘लिब’ आणि तिच्यातील ‘सिस्टिमडी’ या ठिकाणी ‘रँडम-सीड’ नावाने असते. राउटरवर चालणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ती ‘ईटीसी’ डिरेक्टरीत ठेवतात.

पुतण्याने न सांगितलेला अर्धा भाग आता येतो. बीज केव्हा लिहायचे, या प्रश्नाला ‘यंत्र बंद करताना’ असे उत्तर अनेक ठिकाणी मिळते. कार्यालयातील संगणक संध्याकाळी कोणी तरी रीतसर बंद करते, तिथे ते चालून जाईल. पंपघरातला बोर्ड कोण रीतसर बंद करणार? वीज जाते ती पूर्वसूचना न देता जाते, बंद करतानाची आज्ञा चालतच नाही, आणि फाइलीत मागच्या खेपेचेच बीज पडून राहते. पुढच्या बूटला तेच बीज पुन्हा मिसळले जाते, त्याच्या पुढच्या बूटलाही तेच. शेतीच्या फीडरवर असे दिवसातून किती वेळा होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. बीज तेच, घड्याळ तेच आणि बाकीची सुरुवातही तीच असेल, तर दोन निरनिराळ्या बूटांमध्ये संख्यांचा एकच प्रवाह निघू शकतो.

एकच प्रवाह दोनदा निघाला तर काय बिघडते, असे वाटू शकेल. ईसीडीएसए या डिजिटल सहीच्या पद्धतीचे उदाहरण घ्या. प्रत्येक सहीसाठी एक नवी गुप्त संख्या लागते. दोन वेगळ्या मजकुरांवर एकच संख्या वापरून सह्या केल्या, तर त्या दोन सह्या पाहणारा कोणीही शाळेतल्या बीजगणिताइतक्या सोप्या समीकरणांतून आपली कायमची खासगी किल्ली काढू शकतो. मग तो आपल्या बोर्डाच्या नावाने वाटेल तो निरोप पाठवू शकेल आणि आपला घरचा संगणक तो खराच मानेल.

म्हणून क्रम असा हवा : बूट होताच जुने बीज वाचावे, ते साठ्यात मिसळावे, साठ्यातून लगेच नवे बीज काढून जुन्याच्या जागी लिहावे, ते कार्डावर खरोखर पोचल्याची खात्री करावी, आणि त्यानंतरच किल्ल्या मागणारे प्रोग्राम सुरू होऊ द्यावेत. नील्स फर्ग्युसन आणि ब्रूस श्नायर यांनी 2003 मध्ये मांडलेल्या फॉर्च्युना या यादृच्छिक संख्या बनवण्याच्या रचनेत हाच क्रम सांगितला आहे आणि सिस्टिमडीची सेवाही फाइल वाचल्यावर लगेच ती नवी करते. बंद करतानाचे लिखाण असावेच, पण त्याचे काम अधिक अनिश्चितता पुढे नेणे एवढेच आहे. एकच बीज दोनदा वापरले जाऊ नये, याची हमी सुरुवातीच्या लिखाणानेच मिळते.

‘खरोखर पोचल्याची खात्री’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. फाइलीत लिहिले असे प्रोग्रामला वाटते, तेव्हा ते बाइट बहुतेक वेळा रॅममध्येच थांबलेले असतात आणि काही वेळाने कार्डावर उतरतात. तेवढ्यात वीज गेली तर जुनीच फाइल शिल्लक राहते, किंवा त्याहून वाईट म्हणजे शून्य लांबीची फाइल राहते. आपण स्वतः स्क्रिप्ट लिहिणार असाल, तर नवे बीज आधी वेगळ्या नावाने लिहा, ‘एफसिंक’ करा (ही आज्ञा रॅममधले लिखाण कार्डावर उतरवते), मग नाव बदलून जुन्या फाइलीवर आणा आणि डिरेक्टरीलाही ‘एफसिंक’ करा.

दुसरी एक अडचण आपल्याकडे हमखास आढळते. वारंवार वीज जाऊन मेमरी कार्ड खराब होते, म्हणून बोर्ड बसवून देणारे लोक कार्ड केवळ वाचण्यापुरते ठेवतात आणि सगळे लिखाण रॅममध्ये वळवतात. कार्ड खराब होण्यापासून वाचते हे खरे. पण मग बूट होताना लिहिलेले नवे बीजही रॅममध्येच जाते, विजेबरोबर नाहीसे होते, आणि कार्डावर कोणी एकदा टाकलेले बीज जन्मभर पुन्हा पुन्हा वापरले जाते. सिस्टिमडीची सेवा ‘यशस्वी’ असेच सांगते, कारण तिच्या दृष्टीने लिखाण झालेले असते. आपला बोर्ड असा असेल, तर कार्डावर काही मेगाबाइटचा वेगळा, लिहिता येणारा भाग करा आणि बीज-फाइल तिथे ठेवा. दिवसातून थोड्या वेळा काही बाइट लिहिल्याने कार्ड झिजण्याची भीती बाळगू नका. ते झिजते ते तासन्‌तास लिहिल्या जाणाऱ्या लॉगमुळे.

एवढे सगळे करूनही लॉगमधली सूचना कदाचित जाणार नाही, आणि त्याने गोंधळून जाऊ नका. फाइलीतून आलेले बाइट कर्नल साठ्यात मिसळते, पण त्यांना किती बिट विश्वासाचे मानायचे ते आपणहून ठरवत नाही, कारण ती फाइल दुसऱ्या यंत्रावरून नकलली आहे की नाही हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. सिस्टिमडीतही या बाइटांना जमा धरण्याची सोय मुळात बंद असते. बोर्ड आपला, कार्ड त्याच बोर्डाचे, आणि फाइल प्रत्येक बूटला खरोखर बदलते हे आपण दोन-तीनदा वीज काढून तपासले असेल, तर ती सोय सुरू करायला हरकत नाही. तपासणी सोपी आहे : बूट झाल्यावर फाइलीचे एसएचए-256 (हा हॅश, म्हणजे मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा) काढून कागदावर टिपा, सरळ प्लग ओढा, पुन्हा सुरू करा आणि ताडून पाहा. दोन्ही वेळा तेच आकडे आले, तर काही तरी चुकले आहे.

राहिला पहिलाच बूट, जेव्हा जुने बीज मुळात नसते. एसएसएचच्या (दुरून यंत्राशी सुरक्षित जोडणी करण्याच्या पद्धतीच्या) कायमच्या किल्ल्या बहुधा याच बूटला तयार होतात, म्हणजे सगळ्यांत टिकाऊ गुपित सगळ्यांत कमकुवत क्षणी जन्माला येते. घरच्या संगणकावर 32 बाइट तयार करून कार्ड बोर्डात घालण्यापूर्वीच त्यावर ठेवा आणि बोर्ड एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकासाठी वेगळे तयार करा. बोर्डाच्या चिपमध्ये यादृच्छिक संख्या देणारे हार्डवेअर जनित्र असेल तर तेही चालू करा. अनेक स्रोत एकत्र मिसळल्याने नुकसान होत नाही. त्यांतला एक जरी चांगला असला तरी काम भागते.

प्रश्न : बीज म्हणून त्या दिवसाचा सोन्याचा भाव आणि घड्याळातील वेळ एकत्र करून वापरली तर? भाव रोज बदलतो आणि तो आधी कोणालाच माहीत नसतो. (एक सराफी व्यावसायिक, जळगाव)

उत्तर : आधी माहीत नसतो, पण नंतर सगळ्या सुवर्णनगरीला माहीत असतो. बीजाचे मूल्य ते किती वेळा बदलते यावर ठरत नाही. हल्लेखोराला किती पर्याय तपासून पाहावे लागतील, यावर ते ठरते. वर्षभरात सुमारे 3 कोटी 15 लाख सेकंद असतात आणि इतके पर्याय साधा लॅपटॉपही बघता बघता संपवतो. व्यवहार कोणत्या दिवशी झाला हे ठाऊक असेल तर 86,400 सेकंदच उरतात, आणि त्या दिवशीचा भाव तर छापूनच आलेला असतो. नेटस्केप ब्राउझरने आपले बीज वेळ आणि प्रोसेसचे (चालू प्रोग्रामचे) दोन क्रमांक यांतून बनवले होते. बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये ते उघडकीस आणले, तेव्हा त्या काळच्या ऑनलाइन खरेदीचा सारा भरवसा ज्या सुरक्षित जोडणीवर होता तीच फोडता येते असे दिसून आले. वेळ आणि भाव साठ्यात घालायला ना नाही, मात्र त्यांना बीज समजू नका.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक संगणक नीट तयार करून त्याच्या डिस्कची प्रत बाकी सर्व संगणकांवर टाकली आहे. आता एसएसएचने जोडताना सगळ्या यंत्रांचा अंगठ्याचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट, एकच दिसतो. बीज-फाइलही सगळीकडे एकच असेल का, आणि तसे असल्यास धोका कितपत आहे? (एक प्राध्यापक, धुळे)

उत्तर : होय, बीज-फाइलही एकच गेली आहे. मात्र दोन्ही गोष्टींचा धोका सारखा नाही. बीज-फाइल पहिल्या बूटनंतर प्रत्येक यंत्रावर वेगळ्या वाटेने जाते. माऊस हलतो, नेटवर्क सुरू होते, आणि प्रयोगशाळेतील संगणकांच्या प्रोसेसरमध्ये बहुधा हार्डवेअर जनित्रही असते (इंटेलने ते 2012 पासून दिले आहे). त्यामुळे दोन-चार बूटनंतर ती यंत्रे एकमेकांपासून फारकत घेतात. एसएसएचच्या किल्ल्या मात्र आपोआप कधीच बदलत नाहीत. एका यंत्रावर प्रशासकाचे अधिकार मिळवलेला विद्यार्थी आज इतर कोणत्याही यंत्राचे सोंग घेऊ शकतो. त्या किल्ल्या आजच पुसून नव्या करा.

पुढच्या वेळी प्रत काढण्यापूर्वी मूळ डिस्कवरून तीन गोष्टी काढून टाका : बीज-फाइल, एसएसएचच्या यजमान किल्ल्या आणि यंत्राची ओळख ठेवणाऱ्या ‘मशीन-आयडी’ या फाइलीतील मजकूर. बीज काढून टाकल्याने पहिला बूट कमजोर होतो ही शंका रास्त आहे, पण सगळ्यांना ठाऊक असलेल्या बीजापेक्षा बीज नसलेले बरे, कारण निदान ‘गेटरँडम’ कर्नलची तयारी होईपर्यंत थांबवून ठेवते.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. 2012 मध्ये नादिया हेनिंजर, झाकिर दुरुमेरिक, एरिक वुस्त्रो आणि ॲलेक्स हॅल्डरमन यांनी इंटरनेटवर उघड्या असलेल्या यंत्रांच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करून तपासल्या. टीएलएस (वेबवरील सुरक्षित जोडणीची पद्धत) वापरणाऱ्या यंत्रांपैकी 0.50 टक्के यंत्रांच्या आरएसए या प्रकारच्या खासगी किल्ल्या त्यांना काढता आल्या, तर एसएसएच वापरणाऱ्यांपैकी 1.03 टक्के यंत्रांच्या डीएसए या दुसऱ्या प्रकारच्या खासगी किल्ल्या मिळाल्या. ही यंत्रे मुख्यतः राउटर, फायरवॉल अशी बिनपडद्याची उपकरणे होती आणि पहिल्या बूटलाच किल्ली बनवत होती.

यातली युक्ती आपल्या विद्यार्थ्यांना फळ्यावर दाखवण्याजोगी आहे. आरएसएची किल्ली दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते. एकाच बनावटीची दोन उपकरणे सारख्याच अवस्थेत सुरू झाली, पहिली मूळ संख्या दोघांनाही तीच मिळाली, आणि दुसरी शोधेपर्यंत एखादे नेटवर्कचे पुडके येऊन साठा किंचित बदलला, तर दुसरी वेगळी निघते. आता दोन सार्वजनिक गुणाकारांत एक अवयव सामाईक आहे. कोणताही एक गुणाकार फोडायला अफाट काळ लागला असता, पण दोघांचा मसावि युक्लिडच्या रीतीने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघतो आणि दोन्ही किल्ल्या एकदम उघड्या पडतात. किल्ल्या पूर्णपणे सारख्या असत्या तर निदान त्यांच्या मालकांनाच त्या उघडता आल्या असत्या. थोडी अनिश्चितता चुकीच्या वेळी आल्यामुळे त्या साऱ्या जगाला उघडता आल्या.

आपल्याकडे आभासी यंत्रे (एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेले संगणक) वापरात असतील, तर स्नॅपशॉटवर, म्हणजे जतन केलेल्या जुन्या अवस्थेवर, परतण्याचा परिणामही हाच असतो, किंबहुना अधिक वाईट, कारण तिथे फाइलीबरोबर रॅममधील साठाही जसाच्या तसा मागे जातो आणि बूट होतच नसल्याने बूटवेळचा कोणताही उपाय लागू पडत नाही. 2022 मधील 5.18 या आवृत्तीपासून लिनक्सला यजमान यंत्रणेकडून (आभासी यंत्र चालवणाऱ्या यंत्रणेकडून) ‘तुझी नक्कल झाली आहे’ असा इशारा घेता येतो आणि तो मिळताच कर्नल साठा नव्याने घुसळते. यजमान यंत्रणेने तो इशारा दिला पाहिजे, ही अट मात्र आहे.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या प्रकल्पासाठी आर्डुइनो उनो या लहान बोर्डावर सहा अंकी सांकेतिक क्रमांकाने उघडणारे कुलूप करत आहे. बीज ठरवणाऱ्या ‘रँडमसीड’ या फंक्शनला रिकाम्या ॲनालॉग पिनचे वाचन देतो, तरी रीसेट केल्यावर पुष्कळदा तेच क्रमांक पुन्हा येतात. ईप्रॉममध्ये (वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या स्मृतीत) बीज साठवले तर चालेल का? (एक विद्यार्थी, शहादा)

उत्तर : चालेल, पण आधी रोग समजून घ्या. उनोचे ॲनालॉग वाचन 10 बिटांचे असते, म्हणजे 0 ते 1023 इतकीच उत्तरे संभवतात आणि रिकाम्या पिनवर ती प्रत्यक्षात एका अरुंद पट्ट्यातच फिरतात. याचा अर्थ आपले कुलूप फार तर 1024 निरनिराळ्या मालिका देऊ शकते. चोराने त्या सगळ्या घरी बसून छापून आणल्या तरी एक वही पुरेल. शिवाय ‘रँडम’ हे फंक्शन खेळासाठी केलेले आहे. त्याची अंतर्गत अवस्था 31 बिटांची, म्हणजे सुमारे 214 कोटी पर्यायांची, आणि काही क्रमांक दिसले की पुढचे सांगता येतात. ईप्रॉममध्ये बीज ठेवून ते याच फंक्शनला दिलेत, तर रीसेटनंतरची पुनरावृत्ती थांबेल. कुलूप सुरक्षित होणार नाही.

त्याऐवजी असे करा. बोर्ड तयार करताना एकदाच साधा फासा 100 वेळा टाकून आकडे क्रमाने लिहून घ्या. प्रत्येक फेकीतून सुमारे 2.58 बिट मिळतात, म्हणजे एकूण जवळपास 258 बिट होतात. त्या आकड्यांचे एसएचए-256 काढून येणारे 32 बाइट ईप्रॉममध्ये भरा आणि कागद जाळून टाका. नंतर प्रत्येक बूटला हे बीज, ॲनालॉग पिनची काही वाचने आणि मायक्रोसेकंदांचा मोजक एकत्र करून त्यावर एसएचए-256 दोनदा चालवा, एकदा समोर 1 हा बाइट लावून आणि एकदा 2 हा बाइट लावून. पहिल्याचे उत्तर हे नवे बीज, ते लगेच ईप्रॉममध्ये लिहा. दुसऱ्याचे उत्तर ही त्या सत्राची कामाची किल्ली, आणि सांकेतिक क्रमांक तिच्यातून काढा. यातला फायदा असा की उद्या कोणी कुलूप फोडून ईप्रॉम वाचले, तरी त्याला नवे बीजच सापडते. हॅश उलटा फिरवता येत नसल्याने काल दिलेले क्रमांक त्यातून मिळत नाहीत. पुढचे मिळतील, म्हणून चिपमधला मजकूर बाहेरून वाचू न देणारे लॉक बिट लावायला विसरू नका.

लिहिण्याबद्दल दोन गोष्टी सांगतो. उनोवरील एटीमेगा-328पीच्या ईप्रॉमचा एक बाइट लिहायला सुमारे 3.3 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 32 बाइटांना सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात वीज गेली तर अर्धे नवे, अर्धे जुने असे बीज उरेल. यासाठी दोन जागा ठेवा, आलटून पालटून लिहा, सोबत क्रमांक आणि तपासणी-बेरीज ठेवा, आणि बूटला जी जागा नीट आणि नवी असेल ती वापरा. झिजेची चिंता करायचे कारण नाही : एकेक बाइट 1,00,000 वेळा लिहिता येतो, दिवसाला 20 वेळा वीज गेली तरी हा हिशेब 5,000 दिवसांचा होतो आणि दोन जागा असल्याने दुप्पट. तापमानाचेही तसेच. उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसार 85 अंशांवरही हे ईप्रॉम 20 वर्षे मजकूर धरून ठेवते, तेव्हा आपल्या तापीकाठच्या मे महिन्याने त्याचे काही बिघडत नाही.

बोर्ड बदलण्याची मुभा असेल, तर ईएसपी-32 घ्या. त्यात हार्डवेअर जनित्र आहे, पण वाय-फाय किंवा ब्लूटूथ चालू असतानाच ते खऱ्या गोंगाटावर चालते. रेडिओ बंद ठेवून त्याच्यावर विसंबू नका.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत विंडोजचे संगणक आहेत. त्यांतही अशी बीज-फाइल असते का? आणि रोजच्या बॅकअपमध्ये ती घ्यावी का? (एक व्यवस्थापक, अमळनेर)

उत्तर : असते, पण वेगळ्या फाइलीत नसते; विंडोज ते बीज रजिस्ट्रीत (आपल्या सेटिंगांच्या साठ्यात) ‘आरएनजी’ नावाच्या जागी ठेवते आणि बूट होताना वापरते. आपल्याला त्यात हात घालण्याची गरज नाही. बॅकअपमध्ये ती जाणूनबुजून घेऊ नका. संपूर्ण डिस्कच्या बॅकअपबरोबर ती जातेच, त्याला इलाज नाही, पण तसा बॅकअप कुलूपबंद आणि सांकेतिक रूपातच (एन्क्रिप्ट करून) ठेवला पाहिजे, कारण आज रात्री घेतलेली प्रत उद्या सकाळच्या बूटचे बीज सोबत घेऊन बाहेर पडते. लिनक्सचा सर्व्हर असेल, तर बॅकअपच्या यादीतून ती एक फाइल वगळा आणि तिचे अधिकार 600 असल्याचे पाहा, म्हणजे प्रशासकाखेरीज कोणाला ती वाचता येणार नाही. बॅकअपवरून यंत्र पूर्ववत केले, तर नेटवर्कची तार जोडण्यापूर्वी ती फाइल पुसून टाका आणि एकदा रीस्टार्ट करा. डिस्क जुनी होऊन भंगारात द्यायची असेल, तर एसएसडीवर फाइल नुसती पुसल्याने बाइट जात नाहीत, ते चिपच्या दुसऱ्या कप्प्यात राहू शकतात. अशी डिस्क पूर्ण सांकेतिक असेल तर तिची किल्ली नष्ट करावी, नसेल तर डिस्कच फोडून टाकावी.